वेग वाढतो, वेळ किती वाचतो?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली की अनेक कुटुंबे गाडी काढून लांबच्या प्रवासाला निघतात. परत आल्यावर गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : 'अमुक इतक्या तासांत पोहोचलो!' सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो, ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक. ज्याने जास्त वेगाने गाडी हाकली तो चांगला चालक, असा एक समज आपल्याकडे रूढ झाला आहे.

या समजाची थोडी तपासणी करू या. वेग वाढवल्याने नेमका किती वेळ वाचतो आणि त्यासाठी काय मोजावे लागते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला नववीच्या पुस्तकातील गतीची समीकरणे आणि साधा भागाकार पुरेसा आहे. (पाठ्यपुस्तकाच्या काटेकोर भाषेत आपण येथे 'चाल' या राशीबद्दल बोलत आहोत. पण रस्त्यावर सगळेच 'वेग' म्हणतात, म्हणून आपणही तोच शब्द वापरू.)

भागाकार काय सांगतो?

उदाहरणासाठी नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्ग घेऊ. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. हिशेबाच्या सोयीसाठी आपण ७०० धरू. एवढे अंतर एकाच वेगाने, कोठेही न थांबता कापले, तर लागणारा वेळ असा :

ताशी ६० कि.मी. : ११ तास ४० मिनिटे
ताशी ८० कि.मी. : ८ तास ४५ मिनिटे
ताशी १०० कि.मी. : ७ तास
ताशी १२० कि.मी. : ५ तास ५० मिनिटे
ताशी १४० कि.मी. : ५ तास

आता लागोपाठच्या ओळींतील फरक काढा. ६० वरून ८० वर गेलो तर २ तास ५५ मिनिटे वाचली. ८० वरून १०० वर गेलो तर १ तास ४५ मिनिटे, १०० वरून १२० वर १ तास १० मिनिटे आणि १२० वरून १४० वर फक्त ५० मिनिटे. वेगातील वाढ प्रत्येक वेळी तीच, २० किलोमीटर. वाचणारा वेळ मात्र दर पायरीला कमी होत जातो. कारण उघड आहे. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. वेग भाजकात असल्यामुळे आलेख सरळ रेषेत न उतरता सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे हळूहळू उतरतो.

हे गणित साधे असले तरी आपले मन ते करत नाही. वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : १०० किलोमीटरच्या प्रवासात वेग ४० वरून ५० केला तर जास्त वेळ वाचेल, की १०० वरून १२० केला तर? बहुतेक विद्यार्थी दुसरा पर्याय निवडतील. मग त्यांनाच हिशेब करू द्या. पहिल्या बाबतीत १५० ऐवजी १२० मिनिटे लागतात, म्हणजे अर्धा तास वाचतो. दुसऱ्या बाबतीत ६० ऐवजी ५० मिनिटे, म्हणजे अवघी १० मिनिटे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९७० सालापासून या गैरसमजाचा अभ्यास केला. मोठ्या वेगात होणाऱ्या वाढीने वाचणारा वेळ माणसे प्रत्यक्षापेक्षा जास्त समजतात आणि कमी वेगातील वाढीने वाचणारा वेळ कमी समजतात.

सरासरीचा फसवा हिशेब

आणखी एक उदाहरण. एका चालकाने निम्मे अंतर, म्हणजे ३५० किलोमीटर, ताशी १४० ने कापले आणि उरलेले निम्मे ताशी ६० ने. त्याचा सरासरी वेग किती? 'ताशी १००' असे उत्तर पटकन येते. पण पहिल्या भागाला अडीच तास आणि दुसऱ्या भागाला ५ तास ५० मिनिटे लागली. एकूण ८ तास २० मिनिटांत ७०० किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी फक्त ८४. (अंतरे समान असतील तेव्हा वेगांचा हरात्मक मध्य घ्यावा लागतो, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल.)

याचा व्यवहारातील अर्थ असा, की प्रवासातला वेळ खाल्ला जातो तो संथ भागांत. शहरातून बाहेर पडताना, घाटात, टोलनाक्यावर आणि जेवणाच्या थांब्यावर. तेथे गेलेला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर 'भरून काढायचा' म्हटले तर काय करावे लागेल? ताशी १०० ऐवजी १२० ने गाडी हाकणाऱ्याला त्यासाठी सलग ३०० किलोमीटर तसेच जावे लागेल. पहाटे अर्धा तास आधी निघणे याहून कितीतरी सोपे!

थांबायला किती जागा लागते?

आता मोबदल्याची बाजू पाहू. समोर अडथळा दिसला की गाडी लगेच थांबत नाही. प्रथम डोळ्यांना तो दिसतो, मेंदूला त्याचा अर्थ लागतो, मग पाय ब्रेकवर जातो. यात साधारण दीड सेकंद जातो आणि तेवढा वेळ गाडी पूर्वीच्याच वेगाने धावत असते. त्यानंतर ब्रेक लागतात. कोरड्या चांगल्या रस्त्यावर आणि चांगल्या टायरांनिशी मोटारगाडीचे अवत्वरण दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रतिसेकंद धरता येते. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही अंतरांची बेरीज अशी होते :

ताशी ६० कि.मी. : २५ + २० = ४५ मीटर
ताशी ८० कि.मी. : ३३ + ३५ = सुमारे ६८ मीटर
ताशी १०० कि.मी. : ४२ + ५५ = ९७ मीटर
ताशी १२० कि.मी. : ५० + ७९ = १२९ मीटर
ताशी १४० कि.मी. : ५८ + १०८ = १६६ मीटर

क्रिकेटची खेळपट्टी सुमारे २० मीटर लांब असते. ताशी १०० ने जाणाऱ्या गाडीला थांबायला अशा जवळजवळ पाच खेळपट्ट्या लागतात आणि १४० ने जाणारीला आठांहून जास्त. पावसात रस्ता ओला असेल तर घर्षण घटते. अवत्वरण निम्मे झाले असे धरले, तर ताशी ८० ने जाणाऱ्या गाडीलाही थांबायला १०४ मीटर लागतील. म्हणजे कोरड्या रस्त्यावरील ताशी १०० हून अधिक!

यापुढचे उदाहरण विद्यार्थ्यांकडून फळ्यावर सोडवून घ्यावे. दोन सारख्या गाड्या शेजारच्या मार्गिकांतून चालल्या आहेत. एक ताशी १०० ने, दुसरी १२० ने. दोघींच्या पुढे बरोबर ९७ मीटरवर अचानक एक ट्रक आडवा आला. दोन्ही चालक सारखेच सावध आहेत. पहिली गाडी ट्रकला टेकता टेकता थांबते. दुसरीचे काय होईल?

ती थोड्याशा वेगाने आपटेल, असे वाटते. समीकरण मांडू : अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग − २ × अवत्वरण × अंतर. सुरुवातीचा वेग सेकंदाला ३३.३ मीटर. प्रतिक्रियेत ५० मीटर गेले, ब्रेकसाठी उरले ४७. तेव्हा ११११ − (२ × ७ × ४७) = ४५३. वर्गमूळ काढले की सेकंदाला सुमारे २१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७७ किलोमीटर! पहिली गाडी जेथे पूर्ण थांबली, तेथे दुसरी अजून ७७ च्या वेगात आहे. सुरुवातीला फरक फक्त २० चा होता.

शरीराला वेग कळत नाही, ऊर्जा कळते

ताशी ७७ म्हणजे किती, हे समजण्यासाठी आणखी एक रूपांतर करू. उंचावरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीजवळचा वेग आपल्याला काढता येतो. हवेचा विरोध सोडून दिला, तर ताशी ७७ चा वेग येण्यासाठी सुमारे २३ मीटरवरून पडावे लागते, म्हणजे सात मजली इमारतीच्या गच्चीवरून. ताशी ६० साठी हीच उंची १४ मीटर आणि ताशी १०० साठी ३९ मीटर. वेग दुप्पट झाला तर उंची चौपट, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

सीटबेल्ट, हवेच्या पिशव्या आणि गाडीचा चुरगळणारा पुढचा भाग हे सारे एकच काम करतात. थांबण्याचा वेळ आणि अंतर वाढवून शरीरावरचे बल कमी करतात. त्यांनी हजारो जीव वाचवले आहेत. पण गाडीचा पुढचा भाग चुरगळून मिळणारे अंतर फार तर मीटरभर असते. ते काही वेगाबरोबर वाढत नाही.

रात्र आणि डुलकी

मोटारीच्या खाली झुकवलेल्या दिव्यांचा उपयोगी प्रकाश साधारण ५० मीटरपर्यंत पोहोचतो. वरचा तक्ता पुन्हा पाहा. ५० मीटरमध्ये थांबायचे, तर वेग ताशी ६० च्या आसपास हवा. त्याहून जास्त वेगाने जाणारा चालक, पुढे काही नसेलच असे गृहीत धरून अंधारात शिरत असतो. बंद पडलेला, मागे दिवा किंवा परावर्तक नसलेला ट्रक हे गृहीतक खोटे ठरवतो.

सरळ, रुंद, वळणे नसलेल्या रस्त्यावर दुसराही धोका असतो. मेंदूला करण्यासारखे काही उरत नाही आणि थकलेल्या चालकाला डुलकी लागते. तीन सेकंदांची डुलकी त्याला कळतही नाही. पण ताशी १२० ने तेवढ्या वेळात गाडी १०० मीटर पुढे गेलेली असते. दर दोन तासांनी थांबून खाली उतरावे, असे सांगतात ते यासाठीच.

वेगाची सवय कशी लागते?

येथे एक मनोरंजक, पण गंभीर बाब सांगितली पाहिजे. वेग ओळखण्याचे स्वतंत्र ज्ञानेंद्रिय माणसाला नाही. बाजूने मागे सरकणारी दृश्ये, इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज, बसणारे हादरे यांवरून आपण तो ताडतो. झाडे रस्त्यापासून दूर, काचा बंद, रस्ता गुळगुळीत असला की हे सारे संकेत मंदावतात. शिवाय एकाच वेगाने बराच वेळ गेल्यावर मेंदू त्याला सरावतो, जसे उग्र वासाच्या खोलीत थोडा वेळ बसल्यावर वास जाणवेनासा होतो.

श्मिट आणि टिफिन या अमेरिकन संशोधकांनी १९६९ साली याचा प्रयोग केला. चालकांना ताशी सुमारे ११२ किलोमीटरने लांबवर गाडी चालवायला सांगितले. मग वेगमापक न पाहता वेग ताशी ६४ वर आणायला सांगितला. चालकांना तो ६४ वाटला, तेव्हा प्रत्यक्षात तो ८० च्या आसपास होता. जितका वेळ ते वेगात राहिले होते, तितकी चूक मोठी.

महामार्ग सोडून गावच्या रस्त्याला लागणारी प्रत्येक गाडी हाच प्रयोग करत असते. तासभर १२० ने आलेल्या चालकाला ताशी ६० म्हणजे रांगणे वाटते. पण त्या रस्त्यावर बैलगाड्या, सायकली आणि शाळेतून घरी निघालेली मुले असतात. ताशी ३० च्या गाडीची धडक बसलेला पादचारी बहुधा वाचतो. ५० च्या पुढे त्याची आशा झपाट्याने कमी होते. म्हणून महामार्गावरून उतरल्यावर पहिली काही मिनिटे आपल्या अंदाजावर न जाता वेगमापकाच्या काट्यावर विश्वास ठेवावा.

टायर आणि इंधन

मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारे १.९ मीटर धरला, तर ताशी १२० ने ते सेकंदाला साडेसतरा फेरे घेते. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा दबतो आणि पुन्हा फुगतो. प्रत्येक वेळी थोडी उष्णता निर्माण होते. टायरमध्ये हवा कमी असेल तर तो जास्त दबतो आणि जास्त तापतो. त्यात विदर्भाचा उन्हाळा, डिकीत भरपूर सामान आणि तासन्‌तास तोच वेग आला, तर जुना टायर फुटण्याची शक्यता वाढते. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा तपासावी.

इंधनाचाही हिशेब आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० वरून १२० वर गेल्यास तो १.४४ पट होतो. इंधनाचा एकूण खर्च एवढा वाढत नाही, कारण टायरचे घर्षण वगैरे इतर वाटेही असतात, पण वाढ खिशाला जाणवेल इतकी असते. विजेवर चालणाऱ्या गाडीत एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर घटलेले चालकाला समोरच दिसते.

एकट्याचा वेग, सर्वांचा हिशेब

'मी इतकी वर्षे वेगाने चालवतो, मला कधी काही झाले नाही,' असे पुष्कळ जण म्हणतात. एका माणसाच्या बाबतीत ते खरेही असते, कारण एका प्रवासातील अपघाताची शक्यता थोडीच असते. पण लाखो प्रवास एकत्र धरले की नियम दिसू लागतो. स्वीडनमधील ग्योरान निल्सन यांनी वेगमर्यादा बदलल्यानंतरच्या नोंदी अभ्यासून असे मांडले, की एखाद्या रस्त्यावरील सरासरी वेग बदलला तर तेथील प्राणघातक अपघात साधारण त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतात. वेग फक्त ५ टक्क्यांनी वाढला तर १.०५ चा चौथा घात सुमारे १.२२ येतो, म्हणजे असे अपघात सुमारे २० टक्क्यांनी वाढतात. रस्त्याच्या प्रकारानुसार हा घातांक कमीजास्त होतो, असे पुढील अभ्यासांत दिसले, पण दिशा तीच राहिली.

अमेरिकेत तेलटंचाईमुळे १९७४ च्या आरंभी देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली गेली. १९७३ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसे मेली होती. १९७४ साली ही संख्या ४५ हजारांच्या आसपास आली. येथे विद्यार्थ्यांना एक शंका घ्यायला शिकवावे : हे सारे श्रेय वेगमर्यादेचेच का? नाही. तेल महागल्यामुळे त्या वर्षी लोकांनी प्रवासही कमी केला होता. दोन कारणे एकाच वेळी घडली की त्यांचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१८ साली द्रुतगती मार्गांवरील मोटारींची कमाल मर्यादा ताशी १२० केली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदरात आहे. मर्यादेचा अर्थही समजून घ्यायला हवा. १२० हा आकडा कोरडा रस्ता, स्वच्छ प्रकाश आणि ताजातवाना चालक यांच्यासाठीची कमाल आहे. तेवढा वेग गाठलाच पाहिजे असे नाही.

मर्यादा पाळली जाते की नाही, हे पाहण्याची एक सुंदर युक्ती गणितात आहे. कॅमेरा दिसला की चालक ब्रेक दाबतो आणि पुढे पुन्हा वेग वाढवतो. म्हणून इटलीतील मोटारमार्गांवर २००५ पासून दोन ठिकाणांमधील वेळ मोजून सरासरी वेग काढतात. सरासरी मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर वाटेत एखाद्या क्षणी तरी ती ओलांडली गेलीच असली पाहिजे. बारावीला शिकवले जाणारे लाग्रांजचे मध्यमान प्रमेय ते हेच!

वर्गासाठी तीन कामे

१. मोजपट्टीचा प्रयोग : एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून न सांगता सोडावी, दुसऱ्याने ती बोटांत पकडावी. २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिक्रियेला ०.२ सेकंद लागले. मग रस्त्यावर दीड सेकंद का धरतात, यावर चर्चा घ्यावी. पट्टी पडणार हे आधीच माहीत असते, ट्रक आडवा येणार हे नसते!

२. मैदानावर मापन : चुन्याने ४५, ९७ आणि १२९ मीटरच्या खुणा कराव्यात. मैदान लहान असेल तर पाचास एक असे प्रमाण घ्यावे. आकड्यांपेक्षा चालून पाहिलेले अंतर चांगले लक्षात राहते.

३. शाळेसमोरच्या रस्त्याचा अभ्यास : शिक्षकांनी सोबत राहावे आणि मुलांना कुंपणाच्या आत, रस्त्यापासून दूर बसवावे. ५० मीटरवरील दोन खांब किंवा झाडे खूण म्हणून ठरवावीत आणि वाहनाला ते अंतर कापायला लागणारा वेळ थांबघड्याळाने मोजावा. ६ सेकंद म्हणजे ताशी ३०, साडेचार सेकंद म्हणजे ४०, तीन सेकंद म्हणजे ६०. शाळा सुटण्याच्या वेळी आठवडाभर नोंदी घेऊन त्यांचा स्तंभालेख काढावा.

तिसऱ्या कामातून जे निघेल, ते वहीत बंद करून ठेवू नये. ताशी ४० च्या वर जाणारी वाहने किती, हे आलेखासह लिहून ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे द्यावे. गतिरोधकाची किंवा सूचनाफलकाची मागणी करताना असे मोजलेले आकडे तक्रारीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. आणि ज्या मुलामुलींनी हे मोजमाप स्वतः केले, त्यांच्या हाती दोन-तीन वर्षांत वाहन चालवण्याचा परवाना येणार आहे.